हंगामी वस्ती

ज्या खाडीबद्दल मी लिहितो आहे ती मी कधी पाहिलेली नाही. तिच्या काठावर उभा राहिलेलो नाही, तिच्या पाण्यात हात घातलेला नाही. तरी दोन हजार सालानंतरची काही वर्षं मी रोज सकाळी तिच्यावरून तरंगत होतो. इंग्लंडात, मेडनहेडला नदीपासून जवळच आमचं ऑफिस होतं. माझ्या टेबलावरच्या स्क्रीनवर नायजेरियाचा तेलाचा डेल्टा उघडलेला असे. गडद खारफुटी, आणि तिच्यातून वळत जाणारं चंदेरी पाणी, झोपेत कुणी बोटाने रेघ ओढावी तसं. दुपारी सँडविच घेऊन मी थेम्सच्या काठाने चालायला जायचो. हिवाळ्यात पाण्यावर धुकं असायचं, पुढचं वळण दिसेनासं व्हायचं, आणि मला खरंच वाटायचं की या वळणापलीकडे चिखलाचा किनारा असेल, ओढून ठेवलेल्या होड्या असतील, धुरावर मासे सुकवणाऱ्या बायका असतील. वळण यायचं. हंस असायचे.

आमची कंपनी तेल काढत नव्हती, तेल काढणाऱ्यांना नकाशे करून द्यायची. विहिरींमधलं तेल जिथे गोळा होतं त्याला फ्लो-स्टेशन म्हणतात, आणि ते ज्या गावाच्या जमिनीवर असेल ते ‘होस्ट कम्युनिटी’, म्हणजे यजमान गाव. यजमान गावाला नळ मिळायचा, दवाखाना मिळायचा, तिथल्या पोरांना स्टेशनवर काम मिळायचं. बाकीच्यांना सतत जळणारी गॅसची ज्योत आणि पाण्यावरचा तवंग. यजमान कोण, हे नकाशावरून ठरायचं. नकाशावर गाव म्हणजे काळा ठिपका आणि शेजारी नाव. मासेमारीच्या मोसमापुरती पडणारी वस्ती म्हणजे पोकळ त्रिकोण. त्याला नाव नसे. हे ठिपके आणि त्रिकोण मी काढायचो.

माझे बॉस पुण्याचे. वयाने मोठे, मायाळू, जरा बोलघेवडे. मला या नोकरीत त्यांनीच आणलं. त्यांच्या घरी गणपती असायचा, आरतीला मी जायचो. पहिल्याच वर्षी त्यांच्या मिसेसनी विचारलं होतं, “मूळचे कुठले तुम्ही?” “रत्नागिरीकडचे,” मी म्हणालो. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यातून काही कळत नाही. “म्हणजे आपल्यातलेच,” त्या म्हणाल्या आणि माझ्या पानात आणखी एक मोदक ठेवला. मी काही बोललो नाही. तेवढंच केलं मी, काही बोललो नाही, आणि पुढची सगळी वर्षं त्या न बोलण्यात राहिलो.

माझी बायको मात्र दर रविवारी मुलीला घेऊन लंडनमध्ये एजवेअरला जायची. तिथे एका शाळेच्या हॉलमध्ये आपली माणसं जमायची, बुद्धवंदना व्हायची, मुलांचे मराठीचे वर्ग व्हायचे. मी त्यांना सोडायचो आणि गाडीत बसून राहायचो.

“अहो, आत तरी या.”

“पार्किंगचं बघतो जरा.”

“रविवारी कसलं पार्किंग?”

मुलगी मागच्या सीटवरून म्हणायची, “बाबाला तिथे शाय वाटते.” आणि दोघी हसत उतरायच्या.

तर ते फोटो. कोरड्या मोसमात विमानातून घेतलेले, लख्ख. फ्लो-स्टेशनच्या आसपास हेलिकॉप्टर उतरतात, म्हणून तिथल्या प्रत्येक उंच गोष्टीची उंची काढावी लागते, आणि वरून घेतलेल्या फोटोत उंची काढायची म्हणजे सावली मोजायची. सूर्य किती वर होता हे ठाऊक असतं, बाकी हिशेब सोपा. खाडीच्या एका बाजूला मोठं गाव आणि त्याला लागून स्टेशन. बरोबर समोरच्या काठावर थोडी छपरं. जुन्या सर्व्हेत त्या छपरांना हंगामी म्हटलेलं होतं. पण छपरांच्या मागे सावल्यांची एक रांग पडली होती, बारीक, लांब, टोकाला पिंजारलेली. मोजल्या. तीन मजली घराहून उंच. माड होते ते. मी कोकणातला माणूस आहे. एवढा माड व्हायला किती आयुष्य जातं हे मला कुणी शिकवायला नको होतं. चार महिन्यांसाठी आलेला माणूस असा माड सोडून जात नाही.

मग मी पाण्याकडे पाहिलं. मोठ्या गावाला चांगला लाकडी धक्का होता, आणि तो समोरच्या छपरांपासून सरळ रेषेत, हाकेच्या अंतरावर. पण त्या छपरांची एकही होडी धक्क्याला लागलेली नव्हती. त्यांच्या होड्या मागच्या बाजूला, भलं मोठं वळण घेऊन, चिखलात लावलेल्या. छपरांपासून त्या चिखलापर्यंत पायवाट इतकी मळलेली की वरून पांढरी दिसत होती. समोर धक्क्याच्या दिशेला गवत तसंच.

तेव्हा मला कळलं. तो धक्का त्यांच्यासाठी नव्हता. माझ्या वडिलांच्या गावाला खाडीवर दोन उतार होते. एक गावाचा. दुसरा खालच्या अंगाला, जिथे ओहोटीला गुडघाभर गाळ, तो आमचा. वडील लहानपणी डोक्यावर भाताचं पोतं घेऊन त्या गाळातून चढायचे, आणि गावाच्या उतारावर पायऱ्या होत्या. हे ते कधी रागाने सांगत नसत. नुसतं, पायऱ्या होत्या, असं म्हणायचे. मी स्क्रीनकडे बघत किती वेळ बसलो होतो कोण जाणे. एक परकी खाडी माझ्या घरात शिरत होती.

मी बॉसकडे गेलो. “समोरचा कॅम्प हंगामी वाटत नाही. माड आहेत मोठे.”

ते चहा ढवळत होते. “जुना सर्व्हे काय म्हणतो?”

“कॅम्पच.”

“आणि गावातले चीफ?”

“तेही कॅम्पच म्हणतात.”

“मग तुला काय माडांनी येऊन सांगितलं? तुम्हा कोकण्यांना झाड दिसलं की मागे आजी दिसते.” आणि हसून म्हणाले, “दुसरं काही असेल तर सांग. लावू बदलून, त्यात काय.”

दुसरं होतं. दोन उतार होते. पण ते सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, एवढ्यावरून तुला कसं कळलं? मग मोदकांपर्यंत मागे जावं लागलं असतं. मी “नाही, तेवढंच,” म्हणालो, जागेवर गेलो आणि पोकळ त्रिकोण काढला. संध्याकाळी नेहमीसारखी ट्रेन पकडली.

पुढे दोन पावसाळे गेले असतील. त्रिकोणातल्या पोरांनी स्टेशनवर काम मागितलं. तुम्ही यजमान नाही, असं उत्तर मिळालं. त्यांनी खाडीत होड्या आडव्या लावल्या, स्टेशन बंद पडलं, मोठ्या गावातल्यांची कामं गेली. मग मोठ्या गावातली पोरं पलीकडे गेली. आमच्याकडे हे सगळं ईमेलमधून आलं, ‘इन्सिडंट’ या शब्दाखाली. वस्ती जाळली होती. एक माणूस मेला होता. नवे फोटो आले तेव्हा छपरांच्या जागी काळे डाग होते, आणि सावल्यांची रांग नव्हती. माड तोडून टाकले होते. इतकं ऊन असलेली, इतकी रिकामी जागा मी कधी पाहिली नव्हती.

त्यानंतर दोन्ही बाजूंना एकत्र बसवायचं ठरलं. ब्रिस्टलजवळ, मेंढ्यांच्या कुरणांमध्ये एक जुनं दगडी घर होतं, भांडणं मिटवण्याचं काम करणारी एक संस्था ते चालवायची. मोठ्या गावाकडून एक वडीलधारे आले, लाल टोपी, हातात काठी. वस्तीकडून एक बाई आली, साठीच्या पुढची, मासे धुरावून विकणारी. तिने कुणाचा तरी पुरुषी ओव्हरकोट घातला होता, त्याच्या बाह्या तिच्या बोटांपर्यंत यायच्या. बॉस आणि मी नकाशे घेऊन गेलो.

घराची एक रीत होती. पहिल्या दिवशी तेलाबद्दल बोलायचं नाही, सगळ्यांनी मिळून स्वयंपाक करायचा. बाहेर पावसाची झिरझिर, खिडक्यांना वाफ धरलेली, आणि आत त्या दोघांचं तिखटावरून चाललेलं. त्यांचं इंग्रजी त्यांच्याकडच्या वळणाचं होतं, पण कळायचं.

“एवढं घालू नकोस, या गोऱ्या बाई रडतील,” वडीलधारे म्हणाले.

“रडू देत. तुमच्यासाठी कोण रडतं एरवी?”

“ऐका. ही माझ्या आईच्या हाताखाली वाढली बरं का.”

“वाढले नाही. तुमची भांडी घासली.”

दोघंही हसले. बैठक चालवणारी इंग्रज बाई हसायचं की नाही हे न कळून कांदा चिरत राहिली. मी बटाटे सोलत होतो. हे हसणं माझ्या ओळखीचं होतं. आमच्या गावीही असंच हसत एकमेकांशी.

दुसऱ्या दिवशी लांब टेबलावर नकाशा पसरला. बाईने ओव्हरकोटाची बाही मागे सारली आणि त्रिकोणावर बोट ठेवलं. तिला एकच गोष्ट हवी होती. तिथे ठिपका हवा होता आणि त्याच्याशेजारी त्यांच्या गावाचं नाव. नळ, दवाखाना, कामं, सगळं नंतर, ती म्हणाली. आधी आम्ही तिथले आहोत एवढं लिहा.

वडीलधारे म्हणाले, “तुम्ही मोसमात यायचात. माझ्या वडिलांनी राहू दिलं.”

“आणि माड? माझ्या आजीने लावलेले?”

“केळी होती ती.”

“तोडलीत तुम्ही, आणि आता म्हणता केळी होती.”

बैठक चालवणाऱ्या इंग्रज बाईने आमच्याकडे पाहिलं. आगीच्या आधीचे फोटो कंपनीकडे असतील, त्यात झाडं दिसतात का? झाडं जुनी असली तर वस्तीही जुनी, इतकं मानायला वडीलधारेही तयार झाले. “कागद दाखवा, मी भांडणार नाही,” ते म्हणाले. सगळं आता त्यावर आलं होतं. बॉस माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, “काय रे, त्या जुन्या फोटोंत दिसतं का काही? तूच पाहिलेस ते.”

फोटो मेडनहेडला होते. सावल्या मी मोजल्या होत्या. मी हो म्हणालो असतो तर लगेच पुढचा प्रश्न होता, मग त्रिकोण का काढलास? आणि त्याच्या मागे एक माणूस मेलेला होता. बॉस माझ्याकडे विश्वासाने बघत होते, चहा ढवळताना झालेलं ते माडांचं बोलणं त्यांच्या लक्षातही नव्हतं. ती बाईही बघत होती, पण तिच्या बघण्यात विश्वास नव्हता, ती नुसती वाट बघत होती.

“त्या भागावर ढग होते,” मी म्हणालो.

बॉसनी ते इंग्रजीत सांगितलं. फार खेद वाटतो, ढग होते.

दुपारी ऊन आलं म्हणून सगळे कुरणाच्या कुंपणापाशी उभे होते. ती बाई माझ्या शेजारी आली. “नकाशेवाला, त्या विमानात तू होतास?”

“नाही. मी फक्त फोटो बघतो.”

“वरून आम्ही कसे दिसतो?”

ती मेंढ्यांकडे बघत म्हणाली, “ढगातून आमचा धूर तरी दिसला असेल. मासे रोज धुरावतो आम्ही.” मग म्हणाली, “जो गेला तो माझा भाऊ. झाडं तोडू नका म्हणायला गेला होता.” आणि कोटाच्या बाहीत हात आत घेऊन ती घराकडे चालू लागली.

करार झाला. वस्ती म्हणजे मोठ्या गावाचाच एक वॉर्ड असं ठरलं. पाण्यात वाटा, कामांत थोडा वाटा, नाव मोठ्या गावाचं. तिने सही केली. शांतता झाली, हे मी नाकारत नाही. खाडीत होड्या पुन्हा फिरू लागल्या, स्टेशन सुरू झालं, त्यानंतर कुणी मेलं नाही. बॉसनी परतताना मोटरवेवर समाधानाने जुनी भावगीतं गुणगुणली.

माझ्या बाबतीत मात्र ढग खरे झाले. सांगतो ते विचित्र वाटेल. कुठलाही फोटो उघडला की मला वाटायचं आता कडेने पांढरं काही सरकत येईल. थेम्सकाठी चालताना धुक्यात ओव्हरकोट घातलेलं कुणी पुढे चालतंय असं दिसायचं आणि जवळ गेलं की एखादा कुत्रा फिरवणारा म्हातारा निघायचा. स्वप्नात मी गावाच्या पायऱ्यांवर उभा असायचो आणि खाली गाळातून वडील चढत असायचे, आणि मला हाक मारता येत नसे कारण वरचे लोक ऐकतील.

मी ती नोकरी सोडली. ब्रिस्टलला विमानांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात लागलो, तिथे जमीन नव्हती, नुसती मापं होती. कारण घरात सांगितलं नाही. मग एका शनिवारी दुपारी बागेत बायको दोरीवरचे कपडे काढत होती, पाऊस येईल असं झालं होतं, आणि मी चिमटे हातात धरून उभा होतो. तिथे मी तिला सगळं सांगितलं. मोदकापासून ढगांपर्यंत.

तिने ऐकून घेतलं. चादर अर्धी घडी करून थांबली. “गाडीत बसून राहायचात तेव्हा मला वाटायचं, तुम्हाला आमची लाज वाटते.”

“वाटायची.”

“हं.” तिने घडी पूर्ण केली. “आणि हे मला का सांगताय? मी कुठे त्या वस्तीत राहते? तिला सांगा.”

नंबर मिळवायला अवघड गेलं नाही. त्या दगडी घरातल्या इंग्रज बाईंनी दिला. फोन लावला तेव्हा पलीकडे कोंबड्या, माणसं, एक जनरेटर. मी कोण ते सांगितलं.

“ढगवाला,” ती म्हणाली.

“ढग नव्हते. फोटो स्वच्छ होता. मी खोटं बोललो.”

जनरेटर चालू राहिला. मग ती म्हणाली, “हे मला सांगून मी काय करू? मला ठाऊकच आहे माझ्या दारात काय होतं. थांब. उद्या कराराची बैठक आहे, दोन्हीकडचे असतील. उद्या याच वेळी लाव. मी सगळ्यांना ऐकवते.”

दुसऱ्या दिवशी लावला. तिने फोन स्पीकरवर टाकून कुठेतरी टेबलावर ठेवला असावा, कारण आवाज एकदम मोठा आणि पोकळ झाला. मी माझं पूर्ण नाव सांगितलं, माझ्या वडिलांच्या गावाचं नाव सांगितलं, गावाच्या कुठल्या अंगाला आमची घरं होती तेही. कुणाला ते कळलं असेल असं नाही. पण त्याशिवाय मला पुढचं सांगता आलं नसतं. मग सावल्या कशा मोजतात ते सांगितलं, आणि त्या माडांची उंची.

लाल टोपीवाल्या वडीलधाऱ्यांचा आवाज मी ओळखला. “तू तेव्हा ढग म्हणाला होतास.”

“हो. खोटं होतं ते.”

“मग आज खरं बोलतोयस कशावरून? हिने तुला काय दिलं?”

“मी काय देणार त्याला, मासे पोस्टाने पाठवणार?” ती म्हणाली, आणि काही जण हसले.

त्यांचा प्रश्न बरोबर होता. फोटो माझ्याकडे नव्हते, ते कंपनीचे. माझ्याकडे फक्त इतक्या वर्षांत न पुसलेलं चित्र होतं. मी डोळे मिटले आणि ते वाचत गेलो. छपरांच्या मागे माडांची रांग, रांगेत मध्येच एक मोकळी जागा, एखादा पूर्वीच पडला असेल तशी. टोकाला एक माड रांग सोडून पाण्यावर झुकलेला, इतका की त्याची सावली जमिनीवर पडतच नव्हती, खाडीत पडायची. त्याची उंची म्हणून मला काढता आली नव्हती.

पलीकडे गलका झाला, त्यांच्या भाषेत. मग वडीलधाऱ्यांचा आवाज आला, जरा चिडलेला, जणू मी काही चुकीचं सांगत होतो.

“तो वाऱ्याने झुकला असं समजू नकोस. मी लहान होतो तेव्हाही तो तसाच होता. आम्ही त्याच्यावरून उड्या मारायचो.”

गलका थांबला. तेही थांबले असावेत, स्वतःचं वाक्य ऐकत. मग बाई सावकाश म्हणाली, “कोणकोण उड्या मारायचं?”

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मी. आणि तुझा भाऊ.”

फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी तिचाच फोन आला. त्रिकोणाच्या जागी ठिपका आला होता, नाव लिहिलं होतं, नकाशा दुसऱ्या कुणी काढला होता. ती ते नाव माझ्याशी बोलताना पुन्हा पुन्हा वापरत होती, इथे असं आहे, इथे तसं आहे, असं न म्हणता. माडाची रोपं लावली आहेत म्हणाली. भावाच्या मुलाला स्टेशनवर काम मिळालंय, पण तो जात नाही, ज्यांनी बापाला मारलं त्यांच्या शेजारी बसून डबा खायचा म्हणजे काय, असं म्हणतो. “त्याला मी काय सांगू?” तिने विचारलं.

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि या वेळी मी तसंच सांगितलं. ती माफ केलं असं म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नव्हती. तिच्याकडे ओहोटी होती, तिला होडी काढायची होती. आमच्या नव्या धक्क्यावरून, ती म्हणाली, आणि फोन ठेवला.